शेवाळाचा फेरा

"साहेब, शेवाळ हिरवंच का असतं?"

हा प्रश्न विचारायचं धाडस मी करावं म्हणून शालूनं मला वहीची चार कोरी पानं कबूल केली होती आणि नंदानं आवळासुपारी. प्रश्न साधाच होता. पण विचारायचा होता शाळा तपासायला आलेल्या डिपुटीसाहेबांना, आणि डिपुटीसाहेब त्याच सकाळी शाळेच्या टाकीपाशी शेवाळावरून सपशेल आडवे झाले होते. धोतराला मागं हिरवा पट्टा घेऊन ते आमच्या सातवीच्या वर्गात उभे होते आणि मुलींनी मोकळेपणानं प्रश्न विचारावेत असं सांगत होते. मी उभी राहिले. मागं सगळा वर्ग श्वास धरून बसला होता आणि बाईंचा चेहरा खडूसारखा झाला होता.

साहेब चिडले नाहीत. त्यांनी माझं नाव विचारलं, खुर्चीवर बेतानं टेकले आणि पाव तास शेवाळाबद्दल बोलले. त्याला मूळ नसतं, फूल नसतं. ऊन आणि साचलेलं पाणी मिळालं की ते जगतं, आणि त्यात गुरांचं शेणमूत पडलं की बघता बघता पसरतं. जाताना ते बाईंना म्हणाले, या मुक्ताला पुढं शिकवा.

झालं. त्या दिवसापासून माझे पाय जमिनीला लागत नव्हते. तुंगार्लीला एका शेटच्या बंगल्यावर माझा हौशीराममामा माळी होता, त्याच्या खोलीत राहून मी लोणावळ्याच्या शाळेत शिकत होते. बंगल्याच्या झाडांना पाणी घालताना मी त्यांनाही शेवाळ समजावून सांगितलं. मामा म्हणाला, बाई गं, गावाला जा आता, सुट्टी लागली, तिथल्या म्हशींना सांग.

कामशेतला गाडीतून उतरून तीन तास चालत मी आंदर मावळातल्या आमच्या गावी पोचले, तेव्हा आई दारात पाय पसरून बसली होती. तिला सातवा महिना होता. पायांवर सूज आली होती, बोटानं दाबलं की खळगा तसाच राहायचा. मी म्हटलं, दिवसभर अशीच बसून राहा, मी आहे आता. ती म्हणाली, "बसून कसं चालंल? यंदा फेरा आपला हाय."

गावदेवीची पालखी चैत्री पुनवेला तळ्यावर न्हायला येते. त्याआधी तळ्यातलं शेवाळ काढायचं, आणि ते दरसाल एका घरानं काढायचं. मजूर लावायचे नाहीत, बाप्यांनी हात लावायचा नाही. ज्या घराचा फेरा, त्या घरच्या बायांनी पाण्यात उतरून ते हातानं काढायचं. आणि मग त्या घराच्या कारभाऱ्याला पालखीचा पुढचा खांदा. म्हणजे कंबरभर पाण्यात उभं राहायचं बाईनं आणि मान घ्यायचा बाप्यानं. हे मी लहानपणापासून बघत आले होते, पण डोक्यात गेलं ते यंदा.

माझे वडील, त्यांना आम्ही नाना म्हणतो, ते रखमाजी पाटलांकडे गेले होते. घरात दुसरी बाई नाही, हिची अवस्था ही अशी, यंदाचा फेरा पुढच्या घराला द्या, अशी विनंती त्यांनी केली. पाटलांनी त्यांना पायरीच्या खालीच उभं ठेवलं. देतो की, म्हणाले, पण खांदापण त्यांचाच, आणि तुमचं नाव परत यायला अठ्ठावीस वर्सं लागतील, महिपती. नाना तसेच माघारी आले. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी दोन बेचक्यांच्या काठ्या तासून दारात ठेवल्या.

शेवाळ काढणं म्हणजे काय, ते डिपुटीसाहेबांना माहीत नव्हतं. तळ्यातलं शेवाळ धाग्याचं असतं. बेचकं पाण्यात घालून गरगर फिरवायचं, म्हणजे ते लोकरीसारखं काठीवर गुंडाळत येतं. वर काढलं की हात खांद्यातून निखळेल एवढं जड. ते ओढत काठावर न्यायचं, काठीवरून ओरबाडून पाटीत भरायचं, पाटी डोक्यावरून शेतात टाकायची. हिरवं पाणी मानेवरून पाठीत उतरायचं. दुपारपर्यंत हाताची कातडी पांढरी पडून सुरकुतायची, मांड्यांना जळवा लागायच्या आणि अंगाला असा वास यायचा की भाकरीचा घाससुद्धा हिरवा लागायचा. आई एका हातानं पोट सावरायची आणि एका हातानं काठी फिरवायची.

काठावर रोज धोंडाबाई येऊन बसायच्या. त्यांच्या घरचा फेरा मागच्या साली झाला होता, म्हणून यंदा देखरेखीचा हक्क त्यांचा.

"रतने, त्या कोपऱ्यात ऱ्हायलंय बघ. देवीला डोळं हायेत."

आई गुमान कोपऱ्यात जायची. मला राहवलं नाही. मी धोंडाबाईंना शेणामुताचं सांगितलं, आणि म्हशी तळ्यात घालणं बंद केलं तर शेवाळच कमी येईल असंही सांगितलं.

"आन म्हशी काय तुज्या डिपुटीच्या घरी पाजू?" त्या म्हणाल्या. काठावरच्या सगळ्या बाया हसल्या. आईसुद्धा हसली. मला तिचा राग आला.

चार दिवस झाले. पाचव्या दिवशी सकाळी बघितलं, तर पहिल्या दिवशी साफ केलेल्या जागी पुन्हा हिरवी साय धरली होती. आई ते बघत नुसती उभी राहिली. मग तिचे पाय गेले. ती बसली ती गळ्यापर्यंत पाण्यात, आणि पुढं कलंडली. मी दुसऱ्या टोकाला होते. शेवाळात पाय अडकून मला पळता येईना. काठावरच्या बाया ओरडत होत्या, पण उतरली एकही नाही, कारण फेरा आमचा होता.

उतरली ती गंगी. गंगी ठाकरवाडीची, कोंडूची बायको. तळ्याच्या खाली मोरी आहे, तिथं ठाकरवाडीच्या बाया गळतं पाणी धरतात. तळ्यात पाय घालायची त्यांना परवानगी नाही. गंगीनं हंडा टाकला, बांध चढली आणि सरळ पाण्यात आली. आईला काखेत धरून तिनं काठावर आणलं, पालथं घातलं, पाठीवरून हात फिरवला. आईच्या तोंडातून हिरवं पाणी आलं.

"ठाकरीण तळ्यात उतरली," धोंडाबाई म्हणाल्या. तेवढंच म्हणाल्या.

गंगीनं ओलं लुगडं पिळलं आणि मोरीकडे निघून गेली.

त्या दुपारी नाना तुंगार्लीला गेले, ते दुसऱ्या दिवशी जेवणवेळेला परत आले. बंडीच्या खिशातून त्यांनी पुडकं काढलं. आत निळे खडे होते, काचेसारखे. मोरचूद. बंगल्याच्या हौदात शेवाळ धरलं की हौशीराममामा फडक्यात मोरचूद बांधून पाण्यातून ओढायचा, ते मीही पाहिलं होतं. हौदातले लाल मासे खुशाल फिरत असायचे आणि आठवड्यात पाणी स्वच्छ व्हायचं.

"हौदाला एक चमचा, च्याचा," नाना म्हणाले. "तळ्याला किती, ते काड. तू शिकलीयास."

मी पाटी घेतली. आयुष्यात कुठल्या गणिताचा मला एवढा आनंद झाला नसेल. हौद दहा हात लांब, सहा हात रुंद, दोन हात खोल. नानांनी पावलांनी मोजलेलं तळं चाळीस हात लांब, तीस हात रुंद. खोली किती? नाना म्हणाले दोन पुरुष. आई म्हणाली दोन पुरुष. सगळा गाव तळ्याला दोन पुरुषच म्हणतो. पुरुषाचे चार हात, म्हणजे आठ हात. मी भराभर त्रैराशिक मांडलं. ऐंशी चमचे.

"ऐंशी," मी म्हटलं. नानांनी माझ्याकडे असं बघितलं, जसं डिपुटीसाहेबांनी बघितलं होतं.

हे कुणाला कळता कामा नये, हे त्यांना वेगळं सांगावं लागलं नाही. देवीच्या तळ्यात औषध घातलं असं कळलं असतं तर फेरा बाटला म्हणून खांदा गेला असता. भर दुपारी गाव आडवा झाल्यावर नाना गोणपाटाच्या पिशवीत मोरचूद बांधून पाण्यात उतरले. मी काठावर त्यांचं धोतर-बंडी धरून उभी होते. ते पाण्यातून पिशवी ओढत लांबच्या लांब फेऱ्या घालत होते आणि मागं निळसर रेघ उठून विरत होती. पाणी त्यांच्या कमरेला लागत होतं. मी बघत होते ते.

तिसऱ्या दिवशी शेवाळ पिवळं पडलं. धागे आपोआप सुटून वर आले. आईनं नुसतं सुपानं गोळा करावं, एवढं सोपं. धोंडाबाई दोनदा काठावर येऊन कोपरे बघून गेल्या. मी घरी येऊन नाचले. नाना हसले नाहीत, पण त्यांनी आईला दूध पिऊन घे म्हणून सांगितलं.

पाचव्या दिवशी तळं घाण मारायला लागलं. तळाशी बसलेलं शेवाळ कुजून काळं झालं होतं आणि पाण्यावर मासळी पांढऱ्या पोटानं तरंगत होती. हातभर लांबीच्या मरळी, बोटाएवढी पिल्लं, सगळी. गुरांनी तोंड लावलं नाही. पुनव चार दिवसांवर आली होती.

पाटलांनी गाव गोळा केला. कुणी काय केलं, याची चर्चा पानाला चुना लावायला लागतो तेवढा वेळसुद्धा चालली नाही. मासळी मेली म्हणजे गेळ. ठाकरं गेळाची फळं कुटून नदीच्या डोहात टाकतात, मासळी गुंगून वर येते, हे पोरासोरांना माहीत आहे. पाटलाची माणसं वाडीवर गेली. कोंडूच्या अंगणात कुटलेलं गेळ सापडलंच. आणि त्याच्या बायकोला तळ्यात उतरताना आठ दिवसांपूर्वी साऱ्या बायांनी डोळ्यांनी बघितलं होतं. धोंडाबाईंनी तसं सांगितलं. का उतरली होती, ते त्यांना कुणी विचारलं नाही आणि त्यांनीही सांगितलं नाही.

मी मागं बायांत उभी होते. माझं डोकं तापलं होतं. जत्रा झाली की तळ्यातली मासळी ठाकरवाडीची, हा तर गावाचाच रिवाज. पाऊस पडेपर्यंत ती सुकवून बारा घरं खातात. आठ दिवसांनी जी आपल्याच टोपलीत येणार, ती मासळी कोंडू आज कशाला मारील? हे एवढं साधं. वर्गातल्या मठ्ठातल्या मठ्ठ मुलीला सांगता आलं असतं. पण मी बोलले नाही. डिपुटीला प्रश्न विचारणारी मी, पदराच्या टोकाशी चाळा करत उभी राहिले.

पाटलांनी सांगितलं, तळं बाटलंच आहे, आता बाप्याचा आणि ठाकराचा नेम राहिला नाही; कोंडूनं एकट्यानं पुनवेपर्यंत तळं निखळ करायचं. आणि पुनवेनंतर ठाकरवाडीला मोरीचं पाणी बंद. दुसरं पाणी वाडीला अर्ध्या कोसावर, खाली दरीत.

कोंडू पाण्यात उतरला. त्याला काठी दिली नाही, सूप दिलं नाही. कुजकं शेवाळ आणि सुटलेली मासळी त्यानं हातानं वेचून डोक्यावरच्या टोपलीत टाकायची. टोपलीतून काळं पाणी त्याच्या डोळ्यांत गळत होतं आणि पुसायला हात मोकळे नव्हते. पाटील आंब्याखाली खाटेवर बसले होते. मध्येच कोंडू श्वास घ्यायला थांबला, तेव्हा पाटलांनी बसल्या जागेवरून वहाण फेकली. ती त्याच्या पाठीला लागून पाण्यात पडली. मग तीच वहाण शोधून, धुऊन, त्यानं दोन्ही हातांनी त्यांच्या पायाशी नेऊन ठेवली. लोक हसले.

काठावर पुढच्या रांगेत नाना उभे होते. फेऱ्याचे कारभारी म्हणून त्यांना तिथं उभं राहणं भाग होतं, असं मी मनाला सांगत होते. तेवढ्यात नानांनी हात लांब करून बोट दाखवलं.

"त्या कोपऱ्यात ऱ्हायलंय," ते कोंडूला म्हणाले.

मी घरी पळत आले.

तिसऱ्या प्रहरी गंगी आमच्या मागच्या दारी आली. आई ओट्याजवळ पाय लांब करून बसली होती. गंगी आत आली नाही, खालीही बसली नाही. रडलीसुद्धा नाही.

"रतनबाय, तू धा दिस तळ्यात व्हतीस," ती म्हणाली. "माज्या कोंडूला तू तितं बगितलंस का? एकदा तरी?"

आईनं सुजल्या पायांवर लुगडं ओढून घेतलं.

"तू न्हाई म्हन. पाटलासमूर नगं. हितं म्हन, माज्यासमूर. मला तेवडंच पायजे."

आई उठली, पोट सावरत आत गेली आणि दोन भाकरी आणि कांदा घेऊन आली. गंगीनं भाकरीकडे बघितलं. मग माझ्याकडे बघितलं. मी तिच्या नजरेला नजर दिली नाही, चौकटीला पाठ लावून उभी राहिले. भाकरी तशीच आईच्या हातात राहिली आणि गंगी परड्यातून खाली उतरून गेली.

"तिनं तुला पाण्यातनं काढलं," मी आईला म्हटलं.

"मला ठावं न्हाई व्हय?" आई म्हणाली. "पर पोटात ह्यो हाय. तुज्या बापाचं नाव हाय. मी काय करू? तूच सांग. तू शिकलीयास."

दिवेलागणीला नाना आले. त्यांनी हातपाय धुतले. घंगाळातलं पाणी त्यांनी तीनदा बदललं. चुलीपुढं बसले. आईनं ताट वाढलं. मी वाढू दिलं, आणि मग सांगितलं की मासळी मोरचुदानं मेलीय आणि हे आपल्या तिघांना माहीत आहे.

नाना जेवत राहिले.

मी म्हटलं, हौदातले मासे मेले नाहीत, मग तळ्यातले का मेले, ते मामाला विचारायला हवं. नानांनी घास खाली ठेवला.

"मामानं एक चमचा सांगिटला. एकाचं ऐंशी कुनी क्येलं?"

मी कोपऱ्यातल्या पाटीकडे बघितलं.

"मी अडानी मानूस. तू ऐंशी म्हनलीस, मी ऐंशी टाकलं. आता चावडीवर जाऊन कुनाचं नाव सांगू? तुजं सांगू?"

मी पाटी ओढली. आकडे अजून होते, कडेला पुसट झालेले. गुणाकार बरोबर होता, भागाकार बरोबर होता. मी पुन्हा केला, तिसऱ्यांदा केला. मग माझं बोट दोन पुरुषांवर थांबलं. दोन पुरुष पाणी तळ्यात श्रावणात असतं. चैत्रात नानांच्या कमरेला लागत होतं. माझ्या, आईच्या, सगळ्यांच्या कमरेला लागत होतं. दहा दिवस मी त्या पाण्यात उभी होते, जळवा काढत होते, आणि पाटी घेतल्यावर गाव म्हणतो ते लिहिलं. दोन हात पाणी. वीस चमचे. मी चौपट घातलं होतं.

मला हुंदका आला तो रागाचाच होता. पाटलांवर होता, धोंडाबाईंवर होता, पण आता त्याला बसायला जवळची जागा मिळाली होती. मी नानांना पाटी दाखवली आणि चूक कुठं झाली ते सांगितलं. त्यांना आकडे कळत नव्हते, पण चेहरा कळत होता. त्यांचा आवाज उतरला. चुलीकडे बघत ते म्हणाले की आई तशी पाण्यात पडल्याचं ऐकून त्यांच्या डोक्यात दुसरं काही राहिलं नव्हतं. पुढच्या साली ते ठाकरवाडीला काहीतरी करतील. कोंडू गडी आहे, चार दिवसांनी त्याला काही होत नाही. पुनव होऊन जाऊ दे.

"आन तू त्वांड उघडलंस," मग ते म्हणाले, "तर लोनावळं इसर. साळा बंद. परत तुंगार्लीचं नाव काडायचं न्हाई."

आईनं माझा हात धरला. तिचा हात अजून शेवाळाच्या वासाचा होता, सोलवटलेला. मी तो हळूच सोडवला आणि उभी राहिले.

"साळा बंद करा," मी म्हटलं. "उद्या कोंडू तळ्यावर यायच्या आदी मी पान्यात उतरनार हाय. फेरा आपला हाय, तवा मासळीबी आपल्या घरानंच काडायची. पाटील येतील, धोंडाबाई येतील, समदा गाव येईल. मोरचूद कुनी टाकलं, कशापायी टाकलं, आन हिसाब कुनी चुकवला, ते मी पान्यातनंच सांगनार. नाना, तुमी काठावर येनार असला तर या. न्हाई आला तरी तुमचं नाव मी घेनार, आन माजं त्याच्या आदी."

नानांनी वर बघितलं नाही.

"आन आये, गंगीला मी आत्ताच सांगून येते. न्हाई म्हनून."